बाजाराला कोण जायचं?

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. कुठल्या पोलीस ठाण्याचा, तेही नाही. कल्याणच्या कोर्टात समन्स बजावल्याचे कागद घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी उभा होतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी बाजाराला कोण जातं?"

मला वाटलं, भाजीबिजी आणायला सांगतायत. म्हटलं, "बायको जाते साहेब. सुटी असली तर मीपण जातो."

"दोघं एकदम?"

"कधी कधी."

"मग घरी कोण थांबतं?"

"कुणी नाही. कुलूप लावतो."

"बरं आहे मग," ते म्हणाले आणि कागद ठेवून घेतले.

बाहेर आलो तर कोर्टाचा शिपाई दाराशी हसत उभा. "तुलापन इचारला ना? सगल्यांना इचारतात. नवीन जजसायेब आले तवा त्यांना चहाच्या टायमाला इचारला. जजसायेब म्हनले, मी मुंबईचा, आमच्याकडं बाजार नसतो. तर हे म्हनतात कसं, मग तुमाला ह्या केसी समजायला टाईम लागंल."

ते सरकारी वकील होते. शहापूर आणि मुरबाडकडून वेठबिगारीच्या ज्या केसेस वर यायच्या त्या त्यांच्याकडे. खरं म्हणजे त्या कुणालाच नको असायच्या, म्हणून त्यांच्याकडे. मी पोलिसात, हवालदार, कोर्टाच्या कामाला लावलेला. साक्षीदाराला पाड्यावरून उचलायचा, कोर्टात आणून उभा करायचा, संध्याकाळी परत पोचवायचा. ह्या कामात शौर्य काही नाही. पाय आणि सबुरी लागते. माझ्याकडे दोन्ही होतं, म्हणून आमची जोडी जमली. मी त्यांच्याबद्दल आजवर कुणाशी बोललो नाही. बायकोशीसुद्धा नाही. कारण त्यांच्याबद्दल बोलायला लागलो की मधेच कुठेतरी मी येतो.

दिसायला ते वकील वाटत नसत. उंच, वाळके, कानांत केस. काळा कोट अंगावर कमी आणि युरियाच्या धुतलेल्या पिशवीत जास्त. पिशवी काखेत मारून ते कोर्टाच्या पायऱ्या चढत आणि दारात उभं राहून कोट घालत, जणू देवळात शिरताना टोपी घालावी. खिशात भाजलेले वाल. युक्तिवादाच्या मधेच एखादा दाणा दाताखाली फुटायचा आणि टायपिस्ट बाई दचकून वर बघायची. शिपायाला, बेलीफला, चहावाल्याला ते अहो-जाहो करत आणि मोठ्या लोकांशी मात्र तोडून बोलत. एकदा एक पुढारी त्यांना म्हणाला, "साहेब, ओळख ठेवा." हे म्हणाले, "ओळख ठेवायला जागा नाही. खिशात वाल आहेत."

त्यांच्यापुढे कुणी "बिचारे" म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं खाली जाऊन सगळ्यांसाठी लिंबूसरबत आणायचं, हा दंड. तहसील कचेरीतला एक कारकून कातकऱ्यांबद्दल बोलताना दर वाक्याला बिचारे म्हणायचा. त्यानं आम्हाला इतकं सरबत पाजलं की शेवटी तो बोलायचाच बंद झाला. मी एकदा विचारलं, "साहेब, त्या शब्दात वाईट काय आहे?" ते म्हणाले, "बिचारा म्हटलं की फाईल बंद होते रे. बिचाऱ्यावर कोणी गुन्हा केलेला नसतो. तो आपला बिचाराच असतो."

वेठबिगारी म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, आजोबा-पणजोबांच्या काळची गोष्ट. आमच्याकडे पूर्वी लग्नगडी असायचा. लग्नाला मालकाकडून पैसे घ्यायचे आणि मग ते फिटेपर्यंत नवरा-बायकोनं मालकाकडे राबायचं. फिटत कधीच नसत. तो शब्द आता कुणी बोलत नाही. माणूस मात्र तसाच आहे. पावसाळा सरता सरता वीटभट्टीवाल्यांची माणसं पाड्यावर येतात, उचल देतात, आणि भातं निघाली की कातकऱ्यांचे संसार ट्रकमध्ये चढतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. पाऊस तोंडावर आला की परत येतात, आणि उचल तशीच बाकी असते. पुढच्या मोसमाला परत ट्रक. ह्यातले सगळेच मालक वाईट नसतात, हेही सांगतो. पण जो वाईट असतो त्याला थांबवणारं कुणी नसतं.

कोर्टात मालकाचा वकील दर वेळी एकच विचारायचा: साखळी कुठाय? कुलूप कुठाय? भट्टी म्हणजे उघडं माळरान. कुंपण दाखवा, महाराज.

कुंपण दाखवायचं कसं, हे ह्यांनी शोधून काढलं होतं, आणि ते बाजारात सापडलं होतं. मी त्यांच्याकडे जायला लागलो त्याच वर्षीची केस. साक्षीला भट्टीचा मुनीम उभा होता. जाडजूड, गळ्यात तुळशीची माळ, चेहऱ्यावर स्वतःच्या कारभाराचा अभिमान. ह्यांनी मारहाणीचं काही विचारलं नाही. हिशेबाचंही नाही. म्हणाले, "मुनीमजी, आठवड्याच्या बाजाराला कोण जायचं?"

"मजूर जायचे. आमी अडवत नाय. खर्ची पन देतो."

"मजूर म्हणजे कोण? गडी की बाई?"

"कदी गडी, कदी बाई."

"दोघं?"

मुनीम हसला. लहान पोरानं वेडा प्रश्न विचारावा तसा. "दोघं कशी जातील सायेब? दोघं गेली तर परत कोन येल?"

कोर्टात दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं. जजसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. मालकाच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. मुनीम मात्र तसाच उभा होता. आपण काय बोललो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्याच्या लेखी ती भट्टी चालवायची साधी रीत होती, जशी माती भिजवायची असते. एकजण बाजाराला, एकजण भट्टीवर. हेच कुंपण. त्या केसमध्ये शिक्षा लागली. बाहेर येऊन ह्यांनी सगळ्यांना सरबत पाजलं, बिचारे न म्हणता.

अशा जिंकलेल्या केसेस थोड्या. हरलेल्याच जास्त. साक्षीदार फुटायचे, हरवायचे, दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या भट्टीवर असायचे. हे चिडत नसत. कोट काढायचे, घडी करून पिशवीत घालायचे, एक वाल तोंडात टाकायचे.

एका गोष्टीला मात्र ते हट्टी होते. साक्षीदार यष्टीनंच यायचा. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला जायचं तर यष्टी नाहीतर जीप, आणि जीप जास्त. दहा माणसं कोंबून भरभर सुटतात. पण साक्षीदाराला जीपमध्ये बसवायचं नाही, म्हणजे नाही. मी पहिल्यांदा कुरकुरलो, "साहेब, यष्टी वेळेवर नसते. उशीर झाला तर जजसाहेब मला झापणार."

"झापू दे. यष्टीला मालक नसतो," ते म्हणाले. "मुरबाडच्या स्टँडवरची कुठलीही जीप दाखव, ती कुणाची हे तू मला सांगशील. तुला माहीत आहे म्हणजे पाड्यावरच्यालाही माहीत आहे. माणूस ज्याच्या गाडीत बसून येतो त्याचं ओझं घेऊन पिंजऱ्यात चढतो."

आम्ही पोलीस ह्यावर हसायचो. मीपण हसायचो.

आता बुधीचं सांगतो.

बुधी आणि लहानू. धसईच्या पलीकडच्या एका पाड्यावरची कातकरी नवरा-बायको. काळू नदीच्या कडेला, शहापूर-मुरबाडच्या शिवेवर एका शेठची भट्टी होती, तिच्यावर ही दोघं दर मोसमाला जायची. एका मोसमात लहानूला इतका मारला की त्याचा डावा खांदा पुन्हा सरळ झाला नाही. आदिवासींच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना पोलीस ठाण्यात आणलं, शेठवर गुन्हा दाखल झाला, तहसीलदारांनी दोघांना मुक्त केल्याचा दाखला दिला. केस उभी राहायला मधे बराच काळ गेला.

साक्षीच्या आधी साहेब पाड्यावर आले. यष्टीनं धसई आणि तिथून माझ्याबरोबर चालत. साक्षीदाराला काय बोलायचं हे ते कधी पढवत नसत. झोपडीच्या बाहेर जमिनीवर मांडी घालून बसले आणि विचारलं, "बाजाराला कोण जायचं?"

बुधी उकिडवी बसली होती, जमिनीकडे बघत. काळीसावळी, बारीक, पण आवाज खणखणीत. "कदी मी, कदी ह्यो. एक ऱ्हायचा."

"कायमच?"

"येकदाच गेलतो दोगा. धसईला."

"का गेलात?"

ती लाजली. लहानू दुसरीकडे बघायला लागला. "असाच. ह्यो म्हनला, चल, तुला बांगड्या भरतो. मुनीम झोपला व्हता. आमी निगालो. लांब हाय, पन चाललो. बाजारात भजी खाल्ली. मंग कासारनीकडं बसले. तिनं येका हाताच्या भरल्या. दुसरा हात दिला तवर जीप आली."

"कुणाची?"

"शेटच्या पुतन्याची. मागं काचेवर वाघ हाय ती. त्यात घातला आमाला. भट्टीवर नेला. मंग ह्याला मारला."

साहेबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "कुठल्या हाताच्या भरल्या होत्या?"

"डाव्या."

ते त्यांनी लिहून घेतलं. मारहाणीबद्दल आणखी काही विचारलं नाही. उठताना बुधीनंच विचारलं, "सायेब, तो सुटला तं?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, सुटणार नाही, घाबरू नका. हे म्हणाले, "सुटला तर तो परत न्यायला येईल. तुम्ही बोललात तर सुटणं अवघड आहे."

"मंग बोलते मी," बुधी म्हणाली. "माझा काय."

परत येताना मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर साहेब म्हणाले, "कासारणीनं पैसे एकाच हाताचे घेतले असतील का रे?" मी हसलो. ते हसले नाहीत.

त्या शेठबद्दल मी अजून एक सांगितलेलं नाही. तो माझ्या दाजींचा चुलतभाऊ. माझी बहीण त्या घरात दिलेली. साहेबांना मी हे कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. दुसऱ्या हवालदाराला नेमलं असतं. पण मला वाटलं, मी काय, माणसं नेतो आणि आणतो.

साक्षीच्या दोन दिवस आधी दाजींचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलं होतं, त्याच्याच बोलण्यात फोन सुरू झाला. मग म्हणाले, "तुला काय खोटा बोलायला सांगत नाय. कोनाला धमकी नको, काय नको. पुतन्या स्टँडवर जीप घेऊन उभा ऱ्हाईल. तू त्यांना त्यात बसव. बस. येवढाच."

"दाजी, यष्टीनं न्यायला सांगितलंय."

"यष्टी नाय आली म्हन. आरे, पोरीचा मांडव शेठच्या आंगनात पडनार हाय. तुजी भाची नाय का ती?"

मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. फोन ठेवला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी यष्टी आली नव्हती. आता लिहायला बसलोय तर खरं लिहितो. यष्टी आली होती. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. बुधी आणि लहानू यष्टीच्याच दिशेनं निघाले होते, कारण साहेबांनी त्यांना तसं सांगितलेलं. आणि स्टँडच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी, जीप उभी होती. मागच्या काचेवर वाघ.

मी म्हटलं, "इकडं. इकडं बसा."

बुधी थांबली. तिनं जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही विचारेल असं वाटलं. मी मोबाईल काढून त्यात बघायला लागलो. लहानू आधी चढला, एका हातानं धरून. मग ती.

पुतण्यानं धमकी दिली नाही. शब्दसुद्धा वाकडा बोलला नाही. "वयनी, पुडं बसा, हवा लागंल," म्हणाला. ती मागेच बसली. त्यानं गाणी लावली. रायत्याच्या पुलाशी गाडी थांबवून सगळ्यांसाठी वडापाव आणले. मी खाल्ला. लहानूनं खाल्ला. बुधीनं तो कागदासकट हातात धरून ठेवला. कल्याण येईपर्यंत तेल कागदातून तिच्या लुगड्यावर उतरलं होतं.

पिंजऱ्यात चढतानाही तो वडापाव तिच्या पदराच्या गाठीत होता.

साहेबांनी नाव, गाव, कामाचं विचारलं. ती उत्तरं देत होती, पण पाड्यावरचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. आरोपीच्या जागी शेठ बसला होता, पांढरे कपडे, हात मांडीवर. पुतण्या मागच्या बाकावर. साहेबांनी शेवटी विचारलं, "बाजाराला कोण जायचं?"

बुधीनं दाराकडे पाहिलं. दारात मी उभा होतो, गणवेशात.

"आमी दोगा जायचो," ती म्हणाली.

"दोघं एकदम?"

"हा. दोगा."

"कधी कधी की नेहमी?"

"नेमी."

मालकाच्या वकिलानं फाईल मिटली. त्याला आता काही विचारायची गरज नव्हती. जजसाहेब म्हणाले, "साक्षीदार जबाबाच्या विरुद्ध बोलते आहे. फितूर घोषित करायची आहे का, वकीलसाहेब?" तसं झालं असतं तर ह्यांना स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली असती. जबाब तिच्या तोंडावर वाचून दाखवता आला असता. कुणीही वकील तेच करतो.

"नाही, महाराज. ही बाई फितूर नाही," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

लहानू आला. खांद्याचं काय झालं, विचारल्यावर म्हणाला, "पडलो."

कोर्टातून बाहेर आल्यावर साहेबांनी बुधीला एका शब्दानं विचारलं नाही. दोघांना घेऊन ते यष्टी स्टँडवर गेले, तिकिटं काढून हातात दिली, गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. मी मागे उभा. गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "येताना कशानं आलात?"

"जीपनं साहेब. यष्टी आली नाही."

"कुठली जीप?"

"स्टँडवरची."

त्यांनी मान हलवली. पिशवी काखेत मारली आणि निघाले.

आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावलं. टेबलापाशी दुसरं कुणी नव्हतं. म्हणाले, "बस. मी डेपोत विचारलं. त्या दिवशीची गाडी वेळेवर सुटली होती." ते शांतपणे बोलत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. "निकाल अजून लागलेला नाही. साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज मला देता येतो. पण तिच्यावर दबाव आला हे दाखवावं लागेल. ती जीप कुणाची होती, एवढं तू लिहून दे. बाकी मी बघतो. तिला परत आणू. यष्टीनं."

मला सगळं माहीत होतं. वाघ माहीत होता. तिचा प्रश्नही आठवत होता: तो सुटला तं? आणि मांडवाची तारीख ठरलेली होती, बहिणीचा रोज फोन येत होता, दादा, मामाचा मान तुझा आहे.

मी म्हटलं, "जीप कुठली ते ध्यानात नाही साहेब."

"ध्यानात नाही?"

"नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं आहे मग."

शेठ निर्दोष सुटला. भाचीचं लग्न त्याच्या अंगणात लागलं. मी गेलो होतो. अंतरपाटाच्या मागे मामा म्हणून उभा राहिलो. जेवलो. पुन्हा वाढून घेतलं.

साहेबांनी मला बदलून मागितलं नाही. माझी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशीही चहा आला तेव्हा "अहो, ह्यांना पण द्या," म्हणाले. फक्त पुढच्या केसेसना साक्षीदार आणायला ते स्वतः यायला लागले. पहाटेच्या गाडीनं मुरबाडला उतरायचे, पिशवी घेऊन, आणि मी पाड्यावरून येईपर्यंत फलाटावर उभे असायचे. तेव्हा त्यांचं वय झालेलं होतं. मी म्हणायचो, "साहेब, कशाला त्रास घेता?" ते म्हणायचे, "मला यष्टी आवडते." त्यांनी मला एक टोचणारा शब्द ऐकवला असता तर मी उलट बोललो असतो, भांडलो असतो, आणि कदाचित त्या भांडणात खरं बाहेर पडलं असतं. त्यांनी ती वाट मला दिली नाही. की ती वाट शोधायचं माझ्यावरच सोडलं होतं, कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर ते धसईच्या बाजारात येऊन बसतात असं कानावर आलं. मी खोटं समजलो. मग एकदा पाहिलं. भाजीच्या रांगेच्या टोकाला, तांदळाच्या गोण्यांपाशी, पिशवी अंथरून बसलेले. कोट आता नव्हताच. खिशातले वाल मात्र होते. येणाऱ्या-जाणाऱ्या कातकऱ्यांना, ठाकरांना विचारत, "कोण कोण आलंय? घरचं मागे कोण?" लोक त्यांना वेडा म्हातारा समजून हसत. एक भाजीवाली म्हणाली, "ओ बाजारवाले बाबा, तुमी तरी बायकोला घेऊन या येकदा!" ते मोठ्यानं हसले. "ती यायला तयार नाही गो. म्हणते, तुमच्याबरोबर बाजारात आलं की भाजी राहते आणि चौकशीच होते."

मी सुकटवाल्यांच्या मागून दुसऱ्या वाटेनं गेलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. कल्याणला त्यांच्या घरी गेलो. लहानशी खोली, भिंतीला टांगलेली ती युरियाची पिशवी. वहिनींनी पाणी दिलं. शांत बाई. म्हणाल्या, हे मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं होतं, तुमच्याकडे बाजाराला कोण जातं? वडील म्हणाले, हा मुलगा नको, खादाड दिसतो. आम्ही दोघंही हसलो. मग मी नाव सांगितलं तशा त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या.

"तुम्ही होय ते. तुमचं नाव काढायचे."

"काय म्हणायचे?"

"म्हणायचे, त्याला आठवेल. शेवटी आजारी होते तेव्हासुद्धा. बेल वाजली की विचारायचे, तो हवालदार आला का? आला तर उठवा मला." मग त्यांनी विचारलं, "काय आठवायचं होतं हो तुम्हाला?"

मी पाणी पीत होतो. ते पीतच राहिलो. पेला रिकामा झाल्यावर म्हटलं, "येतो वहिनी."



गेल्या मोसमात समन्स बजावायला धसईला गेलो होतो. बाजाराचा दिवस. कासारणीच्या पालापुढून जाताना बुधी दिसली. बांगड्यांपाशी नव्हती, पलीकडे मीठ-मिरची घेत होती. केस पांढरे झालेले. मी ओळखलं, तिनं माझ्या आधी ओळखलं.

"सायेब, बरा हाय ना?"

"बरं आहे. तू कशी? लहानू कुठाय?"

"भट्टीवर." असं म्हणाली की जणू मी ते विचारायलाच नको होतं. "मी आले बाजाराला."

"त्याच शेठच्या?"

"त्याच्याच. तो सुटला ना तवा. पावसानंतर आला न्यायला. पयलीच्या उचलीवर अजून चडवली." ती मिठाची पुडी पदरात बांधत होती. आवाजात राग नव्हता.

मला काय झालं कळत नाही. भर बाजारात, माणसं धक्के मारत असताना मी म्हटलं, "बुधी, त्या दिवशी कोर्टाला जाताना ती जीप… मला माहीत होतं कुणाची जीप ते. यष्टी लागली होती. मी तुम्हाला…"

"जीपचा काय, सायेब." तिनं पदराची गाठ दातानं ओढून घट्ट केली. "जीप मी वळखली व्हती. वाघ व्हता ना मागं. मी चडनार नव्हते. पन तुमी पोलीस. तुमी म्हनलात, बसा. मंग मी म्हनला, सरकारच शेटचा हाय तं मी काय बोलू."

मी मांडवासाठी, बहिणीसाठी, भीतीसाठी जी जी कारणं जपून ठेवली होती त्यातलं एकही तिला सांगता येईना. कुंपण आहे, हे साहेब तीस वर्षं कोर्टाला पटवायला बघत होते, ते मी तिला एका शब्दात पटवलं होतं.

"चल," मी म्हटलं, "आत्ता चल माझ्याबरोबर ठाण्यात. मी लिहून देतो. सगळं लिहून देतो. लहानूलाही आणू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. पाड्यावर साहेबांकडे पाहिलं होतं तसं नाही. मग उन्हाकडे पाहिलं.

"कशानं न्याल, सायेब?"

मी उत्तर द्यायच्या आत तिनं पिशवी डोक्यावर घेतली.

"जाते मी. उशीर झाला तं त्याला इचारतील. तो थांबलाय."